वजनकाट्यावरचं बिऱ्हाड

गाडीत राहून फिरायचं म्हटलं की लोक आधी पलंगाबद्दल विचारतात. झोपता कसे, पाय पुरतात का, उशा कुठं ठेवता. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत तर जवळजवळ प्रत्येकानं मागच्या दारातून डोकावून गादी दाबून बघितलीय. खरं सांगायचं तर पलंग हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम. डोकं खाल्लं ते वजनानं, पाण्यानं, ओलीनं आणि कागदांनी. त्यातही वजनानं जास्त.

यंदाचा पावसाळाभर आम्ही दोघं या गाडीच्या मागं होतो. दिवाळी झाली की निघायचं आहे. नाशिक, सौराष्ट्र, कच्छ, तिथून जैसलमेर-बिकानेर, येताना उदयपूर, ओंकारेश्वर, शेगाव. थंडी सरायच्या आत बेळगावला परत. सुरुवातीला इंटरनेटवर बघितलेल्या व्हॅन बहुतेक परदेशातल्या होत्या. उंच छताच्या, आत माणूस उभा राहून आंघोळ करतो अशा. आमच्याकडं होती ती मारुतीची पाच सीटची पेट्रोल ईको. तिच्यात माणूस ताठ बसला तरी मिळवलं. म्हणून आपल्याकडच्या गाडीत, आपल्याकडच्या कायद्यात आणि आपल्या खाण्यापिण्यात हे कसं जमवलं ते लिहितेय.

मालवाहू ईको घ्यावी असाही विचार झाला होता. आत मोकळी, सीटची कटकट नाही. पण ती व्यावसायिक वाहन म्हणून नोंदलेली, म्हणजे फिटनेस आलं, आणि मालाच्या गाडीत गादी घालून चार राज्यं फिरायची तर प्रत्येक नाक्यावर खुलासा करत बसावा लागणार. घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीवरच काम करायचं ठरलं.

तिथं पहिला प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की मालकानं गाडीत असा बदल करायचा नाही, ज्यानं आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांचा मेळ राहणार नाही. छत कापणं, खिडकी पाडणं, बॉडीला वेल्डिंग हे सगळं त्यामुळं आम्ही पहिल्याच दिवशी बाद केलं. आत जे काही बसेल ते नटबोल्टवर बसेल आणि पाना घेऊन दुपारभरात सुटंल, असा नियम केला. मागचं बाकडं मात्र काढावंच लागणार होतं. आरसीवर आसनं पाच आणि गाडीत दोन, हे आम्हाला नको होतं. आरटीओतला एजंट म्हणाला, "कोण बघतंय वैनी, काढून टाका की." मी तीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिलेली बाई. कोण बघत नाही म्हणून काही करायची सवय नाही. अर्ज दिला, गाडी नेऊन दाखवली, आसनसंख्येची नोंद बदलून घेतली. विमा कंपनीलाही लेखी कळवून पोच घेतली. उद्या काही झालं तर 'गाडीत बदल केला होता' एवढ्यावर दावा अडायला नको.

आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये गेलं. बेळगावात राहून असलं काम काढायचं तर याच्याइतका फायदा दुसरा नाही. फाउंड्री, लेथ, मिलिंग, शीट मेटल, हायड्रॉलिकवाले, सगळे एका फेरीत भेटतात आणि कुणाला तरी कुणाचं तरी जुनं ऋण फेडायचं असतं. सांगाडा लोखंडी चौकोनी नळीचा करावा की ॲल्युमिनियमचा यावर तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या चहाच्या गाड्यावर बराच खल झाला. लोखंड स्वस्त आणि कुणीही वेल्डिंग करून देतो. ॲल्युमिनियम महाग, पण मशीनच्या गार्डला वापरतात ती चाळीस मिलिमीटरची खाचेची पट्टी मिळाली तर वेल्डिंगच लागत नाही. खाचेत नट सरकवायचा आणि आवळायचं. जागा पटली नाही तर सैल करून पुढं-मागं करायचं. एका कारखान्यातल्या जुन्या मशीनच्या गार्डची उरलेली पट्टी मिळाली आणि प्रश्न मिटला.

पलंगाच्या उंचीवरून आमचं जुंपलं. यांना पलंगाखाली चौदा इंच जागा हवी होती, डबे उभे राहतील म्हणून. मला ताठ बसता आलं पाहिजे होतं. दिवसभर प्रवास करून संध्याकाळी पाऊस आला, तर गाडीत मान वाकवून दोन तास बसणं कुणाला जमतंय? शेवटी घरात भिंतीला पाठ लावून बसले, डोक्यावर वही आडवी धरली आणि पेन्सिलीनं खूण केली. ते माप आणि गादीची जाडी गाडीच्या आतल्या उंचीतून वजा केली. पलंगाखाली दहा इंच उरले. दहाच ठेवले. डबे आडवे ठेवा म्हटलं.

पुढच्या सीटांच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत सहा फुटांच्या आसपास लांबी मिळते. आम्ही दोघंही बुटके, त्यामुळं भागलं. पलंगाखाली तीन कप्पे. मधला लांब खण मागच्या दारातून बाहेर ओढला की स्वयंपाकघर. ईकोचं मागचं दार वर उघडतं, त्यामुळं ओट्यावर आपोआप छप्पर येतं. डावीकडं पाणी, उजवीकडं कपडे. गादी तीन इंची फोमची, खडेबाजारात मापानं कापून घेतली. पडद्याचं कापड गल्लीतल्याच मागावरचं. शहापूर-वडगावात राहून पडदे बाहेरून आणायचे म्हणजे कमालच.

काचांवर काळी फिल्म लावायचा सल्ला देणारेही पुष्कळ भेटले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असली फिल्म चिकटवायला मनाई केली आहे, त्यामुळं तो विषय संपला. त्याऐवजी प्रत्येक काचेच्या आकाराचा चकचकीत फोमचा तुकडा कापला. गाडी थांबली की लावायचा, चालू करताना काढायचा. ऊन, थंडी आणि डोकावणारे, तिघांवर हाच उपाय.

आता वजन.

मी सांगितलं होतं की पहिल्या वेळी काटकसर करायची नाही. दोघांनी मनात येईल ते सगळं भरायचं आणि गाडी काट्यावर न्यायची. मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर आधी रिकामी गाडी तोलून घेतली होती, टाकी भरून. नंतर भरलेली नेली. तो काटा ट्रकांसाठी, त्यावर आमची ईको बघून काटेवाल्यानं खिडकीतून विचारलं, "काय मामी, ऊस भरलासा काय आत?" आम्ही दोघं आत बसूनच वजन केलं. फरक पाचशे किलोला टेकला होता.

पाच सीटची गाडी पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा वाहण्यासाठी असते. माणशी पासष्ट किलो आणि वर थोडं सामान धरलं तर चारशेच्या आसपास जातं. आम्ही आमच्यासाठी साडेतीनशेची रेघ मारली, दोघांसकट. कारण ही पाच माणसं दोन तासांत उतरतात. आमचं सामान महिनोन् महिने उतरणार नव्हतं, आणि वाटेत घाट होते, खड्डे होते, कच्छमधला वारा होता. उंच नि अरुंद गाडी आडव्या वाऱ्यात हलते, त्यात मागं जड असली तर स्टिअरिंग हलकं लागतं. म्हणून नुसतं एकूण वजन बघून भागत नाही. पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर, असंही एकदा तोलायचं. त्यातून पुढं किती नि मागं किती ते कळतं. आमचं जवळजवळ सगळं सामान मागच्या चाकांवर होतं. काटेवाल्याला हे पुढं-मागं करणं फार आवडलं. त्यानं जादाचे पैसे घेतले नाहीत, पण ओळीतल्या ट्रकवाल्यांच्या शिव्या आम्हाला ऐकाव्या लागल्या.

त्या पावत्या वहीत चिकटवल्या आणि घरच्या काट्यावर एकेक वस्तू तोलून लिहायला घेतली. किती किलो, रोज लागते की कधीतरी, वाटेत विकत मिळते का, एवढे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यानं निम्मं सामान खाली उतरवलं. गव्हाचं पीठ बिकानेरात मिळतं. साबण मिळतो. छत्री मिळते. पाच किलो तांदूळ मात्र मी ठेवले, कारण बेळगाव बासमतीचा वास असलेला भात तिकडं मिळणार नाही. यावर यांनी पान्यांचा मोठा सेट ठेवायची परवानगी मागितली. दिली नाही. ईकोच्या बोल्टांना लागतात तेवढेच पाने घ्या म्हटलं.

प्लायवूड हा लपलेला चोर. बारा मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट चोवीस-पंचवीस किलो भरते. पलंगाला अख्खी शीट होती. ती काढून पाइनच्या पट्ट्या टाकल्या, मध्ये दोन बोटं फट ठेवून. ज्या कप्प्यांना प्लायच हवं होतं तिथं पातळ मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का बघून. पावसाळ्यात बेळगावात राहिलेल्या माणसाला साधं प्लाय का नको ते सांगावं लागत नाही.

दुसरी मोठी सूट बॅटरीत मिळाली. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी आणायचा यांचा बेत होता, फुकटात होती म्हणून. आम्लासकट ती पन्नास-साठ किलो जाते. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो झोपायच्या जागेत नको, आणि अर्ध्याहून जास्त उतरवत राहिलं तर लवकर मरते. त्याऐवजी शंभर एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. बारा किलो. १२.८ व्होल्ट गुणिले शंभर म्हणजे १,२८० वॅट-तास आणि त्यातलं बहुतेक सगळं वापरता येतं. पैसे गेले, पण पंचेचाळीस किलो उतरले.

रोजची गरज मी लिहून काढली. बारा व्होल्टचा पंखा वीस वॅट, रात्रभर नऊ तास. दोन छोटे दिवे. दोघांचे फोन, माझा टॅब. सगळं मिळून तीनशे वॅट-तासांच्या आत. फ्रिज घेतला असता तर हा आकडा दुप्पट झाला असता. आम्ही शाकाहारी, दूध रोजचं रोज मिळतं, दही गाडीच्या धक्क्यांतही लागतं हे करून बघितलंय. फ्रिज नाही. इंडक्शनही नाही. ती हजार-दीड हजार वॅट ओढते, एवढ्या बॅटरीला ते झेपत नाही.

चार्जिंग दोन वाटांनी. गाडी चालताना अल्टरनेटरमधून वीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर साधारण अडीचशे वॅट भरतो. म्हणजे सव्वा-दीड तासाच्या प्रवासात आदल्या दिवसाचा खर्च भरून निघतो. एकाच जागी थांबलो तर शंभर वॅटचं घडीचं सोलर पॅनेल. ते छतावर लावायचं नाही यावर मी ठाम होते. छतावर पॅनेल म्हणजे गाडी उन्हात उभी करायला हवी, आणि उन्हातल्या ईकोत दुपारी कोण झोपणार? पॅनेल लांब वायरीनं उन्हात, गाडी झाडाखाली. फ्यूजचं सगळं यांनी बघितलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत मोठा फ्यूज, पुढं प्रत्येक फाट्याला वेगळा. "फ्यूज वायरीसाठी असतो, पंख्यासाठी नाही," हे वाक्य मला आता झोपेतसुद्धा ऐकू येतं. वायर जाते सांगाड्याच्या खाचेतून, जिथं पत्र्याला घासते तिथं रबरी बुश. गाडीत आग लागते ती बहुतेक अशा सोललेल्या वायरीनं, त्यामुळं त्यांच्या या किटकिटीवर मी एकदाही बोलले नाही. दाराजवळ हाताला येईल असा एक किलोचा अग्निशामक आहे.

पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, यात सवलत नाही. साठ लिटरची टाकी रद्द करून वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेतले. कॅन उचलून नळाखाली नेता येतो, टाकीला पाइप शोधत बसावं लागतं. आणि कॅन आतून घासता येतो. वापर मोजायला घरीच दोन दिवस कॅनच्या पाण्यावर राहिलो, आंघोळ सोडून. पिणं, स्वयंपाक, भांडी, तोंड धुणं यांत कॅनमधलं थोडं उरलं. भांडी धुण्यापेक्षा आधी कागदानं पुसून घेतली की निम्मं पाणी वाचतं.

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर. ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, त्यामुळं परगावीही बदलून घेता येतो. गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगत साठतो आणि पलंगाखालच्या कप्प्यात तर कळणारही नाही. म्हणून सिलिंडर मागच्या दाराशी उभा, पट्ट्यानं बांधलेला, आणि स्वयंपाक झाला की रेग्युलेटर काढून ठेवायचा. गाडीच्या आत शेगडी पेटवायची नाही, थंडी वाजली तरी नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. बंद जागेत जळणाऱ्या शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता मारतो.

खाण्याच्या बाबतीत आमचा भाग सुखी. गोकाक-अथणीकडच्या बायका करतात ती कडक ज्वारीची भाकरी महिनाभर टिकते. डब्यात उभी रचली तर मोडतही नाही. सोबत शेंगदाण्याची, कारळाची आणि जवसाची चटणी. दही मिळालं की जेवण झालं, गॅस पेटवायचीही गरज नाही. मसूर, मेतकूट, पोहे, आमसुलं. तीन लिटरचा कुकर, एक कढई, तवा नाही. तवा काढताना माझ्या जिवावर आलं होतं. कुंदा, म्हणजे आमची खव्याची मिठाई, तीन दिवसांच्या वर ठेवायचा नाही, म्हणून तो फक्त कोल्हापूर-पुण्यापर्यंत नातेवाइकांना. गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुक्या मेव्याची वडी, मात्र वाटभर पुरेल इतका घेतलाय. वजनाच्या वहीत तो 'औषध' या सदरात आहे.

ओलीचं प्रकरण कणकुंबीला समजलं. जुलैत जांबोटीवरून तिकडं गेलो, मुद्दाम. चोर्ला घाटाच्या अलीकडचं हे गाव, मलप्रभा इथंच उगवते, आणि पाऊस असा की दिवसा दिवे लावावे लागतात. एका ओळखीच्यांच्या अंगणात गाडी लावली. रानात कुठंही लावायची नव्हती, खानापूरच्या जंगलात अस्वलं आहेत. पाऊस आत येतो का ते बघायचं होतं. आला नाही. पण पहाटे उठलो तर काचा आतून निथळत होत्या, पांघरुणाची कड ओली आणि गादीच्या खालच्या बाजूला दमटपणा. ते पाणी आमच्याच श्वासाचं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून निदान अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात, आणि चार बाय सहाच्या पत्र्याच्या खोलीत ते गार पत्र्यावर जमतं. बाहेर शंभर टक्के दमट असल्यावर काच उघडायची बुद्धी होत नाही, पण उघडावीच लागते. एक पुढं, एक मागं, समोरासमोर, बोटभर. पंखा आतली हवा बाहेर ढकलेल असा. खिडक्यांना वरून पावसाळी पट्टी, आतून मच्छरदाणीचं कापड, कडेला चुंबकाची पट्टी शिवून. पत्र्याला ते चटकन चिकटतं. पलंगाच्या पट्ट्यांमधली फट इथं कामाला आली. त्या फटींवर काथ्याची पातळ चटई आणि वर गादी, एवढ्यावर दुसऱ्या खेपेला गादी कोरडी राहिली. छताला आतून काळ्या नायट्राइल फोमचा थर नंतर लावला, त्यानं ठिबकणं थांबलं.

उन्हाची परीक्षा ऑक्टोबरात सौंदत्तीकडं, नविलुतीर्थ धरणाजवळ घेतली. ईकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. दोन-तीन तास चालवून थांबलं की सीटखालून ऊब येत राहते, आणि मागचं झोपायचं ठिकाण तिच्याशी एकाच खोलीत. यावर उपाय म्हणजे पोचायच्या वेळेची शिस्त. मुक्कामाला अंधार पडायच्या आधी पोचायचं, सगळी दारं उघडी टाकायची, इंजिन निवेपर्यंत बाहेर चहा, स्वयंपाक, गप्पा. सीट उचलून ऑइल आणि कूलंट बघायचं कामही याच वेळेत, म्हणजे गार झाल्यावर.

बायकांना एक प्रश्न असतो, जो व्हिडिओत कुणी बोलत नाही. पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह मोफत द्यावं लागतं, पण रात्री दोनला काय? घडीची प्लास्टिक सीट, जाड पिशव्या, लाकडाचा भुसा आणि आडोशाला उभा करायचा एक तंबू, एवढं मी सगळ्यांत आधी घेतलं. वजनाच्या वहीत या ओळीपुढं प्रश्नचिन्ह लावायची यांची हिंमत झाली नाही. शिवाय तीन-चार रात्रींतून एकदा धर्मशाळा, भक्तनिवास किंवा साधं लॉज. कपडे धुणं, डोक्यावरून आंघोळ, पाय लांब करून झोपणं. गाडीत राहायचं म्हणजे शपथ घेतलेली नाही.

कागदांत एकच गोम होती. यांचं लायसन्स साठाव्या वाढदिवसापर्यंतचं, आणि तो वाढदिवस डिसेंबरात, म्हणजे नेमका राजस्थानात. मुदत संपण्याआधी वर्षभरात कधीही नूतनीकरण करता येतं, तेव्हा डॉक्टरांचा फॉर्म १-ए घेऊन ते उरकलं. विमा, पीयूसी, फास्टॅग यांच्या तारखा वहीत. कच्छच्या पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो, तो वाटेत भिरंडियाराला मिळतो, त्यासाठी ओळखपत्रांच्या कागदी प्रती. गाडी मीही चालवते. आंबोलीचा घाट चढता-उतरता दोन्ही करून घेतलाय, भरल्या वजनानं. गॅरेजचं काम मात्र नेहमीचंच: पट्टे, ब्रेक ऑइल, क्लच केबल, नवे टायर, सुटी चार फ्यूज-बल्ब, आणि जॅकखाली ठेवायला लाकडी ठोकळा, वाळूत जॅक रुततो म्हणून.

हा ठोकळा गल्लीतल्या सुभेदारकाकांनी सांगितला. मराठा लाइट इन्फंट्रीत होते, जैसलमेरकडं नोकरी झालेली. त्यांनी आमचे कपडे बघून निम्मे परत कपाटात ठेवायला लावले. "तीन जोड. एक अंगावर, एक दोरीवर, एक पेटीत," एवढंच म्हणाले. पण घोंगडी एकावर दोन न्या, म्हणाले. डिसेंबरात तिकडं रात्री पारा दहाच्या खाली येतो आणि पत्रा आपली ऊब ओढून घेतो.

गाडीवर नाव लिहायचं का, हाही एक प्रश्न झाला. भाचा स्टिकरवाला, त्यानं सुंदर मोडी वळणाची अक्षरं काढून आणली. पण आमच्याकडं गाडीवर कुठल्या लिपीत काय लिहिलंय ते वाचणारे पुष्कळ. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसगाड्यांच्या पाट्यांना काळं लागतं, मग आमची ईको ती केवढी. मराठीत लिहावं तर इथं, कन्नडमध्ये लिहावं तर घरात. काही लिहिलं नाही. पांढरी गाडी पांढरीच ठेवली, वजनही वाचलं.

मागच्या आठवड्यात शेवटचं वजन झालं. दोघं, भरलेले कॅन, भरला सिलिंडर, करदंटासकट. साडेतीनशेला चार किलो कमी. कॅन मागच्या दाराजवळून पुढच्या सीटांच्या पाठीमागं सरकवले, बॅटरीही तिकडंच, त्यामुळं पुढच्या चाकांवर बरा भार आला. काटेवाल्यानं पावती देताना विचारलं, "आता झालं की अजून काय काढतासा?" ते चार किलो कशाचे यावर घरात अजून वाद चालू आहे. यांचा पान्यांचा सेट साडेतीन किलोचा आहे.

घराच्या किल्ल्या जाऊबाईंकडं, तुळस त्यांच्याच दारात, पेपर-दूध बंद, विजेचं बिल फोनवरून. निघायची तारीख ठरलीय. हत्तरगीचा टोल, निपाणी, कोगनोळी, आणि पहिला मुक्काम कोल्हापूर. पण गाडीत नाही. नणंदेनं फोनवर सांगितलंय, "माझ्या दारात गाडीत झोपलासा तर परत तोंड दाखवू नका." पुण्यात पुतण्या, त्याचीही बायको तेच म्हणते. नाशिकला यांचे जुने साहेब. म्हणजे नाशिक सुटेपर्यंत त्या पलंगावर कुणी झोपणार नाही, आणि तोवर त्यावर नातेवाइकांनी दिलेले डबे असणार. नाशिकात एखादा वजनकाटा शोधून ठेवायला हवा.